पायाला कळणारा रंग

ताईकडे दोन हत्यारं होती, जीभ आणि ब्रश, आणि त्यांतलं एकच तिच्या ताब्यात होतं. ब्रश केसाएवढी रेघसुद्धा इकडची तिकडे होऊ द्यायचा नाही. जिभेचं मात्र तसं नव्हतं, उचलली आणि लावली टाळ्याला. त्या सकाळी मास्तर कामाच्या खोलीत आले, हातात पांढरी काठी, पाठीवर गिटार. ताईचा धाकटा भाऊ त्यांना मोठ्या हौसेने विचारत होता की पेटीला रंग कुठला देऊ, आमची ताई सांगाल ते काढते, फुलं म्हणा, पाखरं म्हणा. तेवढ्यात ही कोपऱ्यातून बोलून गेली.

"ज्यांना दिसत नाही त्यांच्या पेटीवर रंग कशाला वाया घालवायचा?"

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण बोललो. धाकट्याने मान खाली घातली. आतून आईने एक भांडं जरा जोरातच आपटलं, म्हणजे तिनेही ऐकलं होतं. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तर मात्र मनापासून हसले. म्हणाले, ताईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे, मी त्याच कामासाठी आलोय. मला असा रंग हवाय, जो पायाला कळेल.

आता ही पेटी, म्हणजे गिटारचं पेडल, काय असतं ते आधी सांगितलं पाहिजे, कारण खुद्द आईला ते अजून नीट कळलेलं नाही आणि ती चारचौघांत "माझा मुलगा डबे बनवतो" असं खुशाल सांगते. तर गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी अॅल्युमिनियमची एक पेटी असते. गिटारची वायर तिच्यात शिरते आणि दुसऱ्या बाजूने निघून स्पीकरकडे जाते. वाजवणाऱ्याचे हात गुंतलेले, म्हणून पेटीवरची बटणं पायाने दाबायची, आणि दाबलं की आवाजाचं रूप पालटतं. धाकटा अशा पेट्या हाताने जुळवायचा, एकेक भाग सोल्डर करून. लहानपणी त्याने घरातला एकही रेडिओ धड ठेवला नव्हता म्हणून आईने त्याचं नाव खुडबुड्या ठेवलं होतं. आता त्याच खुडबुडीवर घर चालत होतं, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

ताईचं मूळ काम दुकानांच्या पाट्या रंगवण्याचं. एके काळी बाजारातली निम्मी दुकानं तिच्या अक्षरांखाली उघडायची आणि तिच्याच अक्षरांखाली बंद व्हायची. मग छापील फलक आले आणि तिचे ब्रश डब्यात उभ्या उभ्या वाळून गेले. ती घरात बसून सगळ्यांवर डाफरायला लागली. असंच डाफरता डाफरता एक दिवस तिने धाकट्याची एक कोरी पेटी उचलली आणि तिच्यावर घुबड काढलं, आवाजाच्या दोन गोल खुंट्या म्हणजे घुबडाचे डोळे. ती पेटी ज्याने नेली त्याने ती दहा जणांना दाखवली, आणि तेव्हापासून लोक यायचे ते आवाजाची चौकशी नंतर करायचे, आधी विचारायचे की यावर काय काढून मिळेल. धाकट्याला याचा आनंद होता तसा थोडा वैतागही होता, कारण आवाज तयार व्हायचा आणि रंग वाळायची वाट बघत बसायचा. अलीकडे तो छापील स्टिकरची एक भलीमोठी गुंडाळी घेऊन आला होता. ती फळीवर पडून होती आणि ताई त्या फळीकडे पाठ करून बसायची.

मास्तर दिवसा मुलांना गिटार शिकवत आणि संध्याकाळी एका बँडमध्ये वाजवत. त्यांची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. वाजवताना ते पायात काही घालत नसत. तीन पेट्या, तीन आवाज, आणि ते अनवाणी पायाने चाचपून दाबायचे. पण वाजवताना माणूस हलतो, खुर्ची सरकते, पाय ताल धरतो आणि परत पेटीवर येतो तेव्हा कुठे आला ते कळत नाही. डावीकडून मोजत जावं तर मोजून होईपर्यंत गाणं पुढे निघून गेलेलं असतं. गेल्या कार्यक्रमात नेमकं तेच झालं. बँडचं एक अगदी हळुवार गाणं आहे, शेवटाकडे म्हणतात, गाणारी बाई नुसती कुजबुजते आणि गिटारने मागून घुमत राहायचं. मास्तरांचा पाय पडला तो गडगडाटाच्या पेटीवर. सभागृह हादरलं, पहिल्या रांगेतलं एक तान्हं पोर किंचाळून रडायला लागलं आणि लोक पोट धरून हसले.

बँडचा म्होरक्या ड्रम वाजवायचा. त्याने नंतर शांतपणे सांगितलं की एकदा झालं त्याला मी अपघात म्हणतो, दुसऱ्यांदा झालं तर त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसेल. मास्तर हे सगळं हसत हसत सांगत होते. पण त्यांची बोटं काठीच्या घड्या उघडत होती आणि मिटत होती, आणि ताईचं लक्ष त्या बोटांवरून हलत नव्हतं. तेच गाणं तीन आठवड्यांनी पुन्हा होतं. रबराचे तुकडे, कापडाच्या पट्ट्या, सगळं चिकटवून बघितलं होतं त्यांनी. घामाने सुटून यायचं.

धाकटा म्हणाला की त्यात काय एवढं, टपोऱ्या ठिपक्यांचे स्टिकर मिळतात, तीन बटणांची एकच पेटी करतो आणि लावून देतो.

स्टिकर म्हटल्यावर ताईचा राग नाकावर आलाच. "तुझा स्टिकर मास्तरांच्या पायाला चिकटून घरी जाईल," ती म्हणाली. "मास्तर, पेटी मी रंगवते. त्या गाण्यात तुमचा पाय चुकला तर मी ब्रश खाली ठेवीन आणि याचे स्टिकर मुकाट्याने चिकटवत बसेन."

"आईच्या देखत बोललीस हं," धाकटा म्हणाला.

झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुणी मागितला नव्हता तो शब्द तिने दिला होता, आणि दिलेला शब्द परत घेण्याची तिला सवय नव्हती. पण खरं सांगायचं तर तिला भीतीबीती काही वाटली नाही, उलट अंगात वारं भरलं. मास्तर जिना उतरतात न उतरतात तोच तिने डबे उघडायला सुरुवात केली होती.

दोघांनी कामाला जी सुरुवात केली ती विचारू नका. धाकट्याने पेटीला भोकं पाडली, खोलीभर अॅल्युमिनियमचा कीस उडाला, आई ओरडली, त्याने झाडू मारला, पुन्हा कीस उडाला. सोल्डरचा धूर दोघांच्या नाकात गेला. डावं बटण घुमाऱ्याचं, मधलं जरा करकरीत आवाजाचं आणि उजवं गडगडाटाचं. पहिला आवाज निघाला तेव्हा धाकटा लहान मुलासारखा उडी मारून उठला आणि टेबलाच्या कडेवर गुडघा आपटून परत बसला. ताई तिकडे जाड ऑइल पेंट थरावर थर चढवत होती. पाट्यांवर उठावाची अक्षरं काढायची तिची जुनी हातोटी होती, ती अशी पुन्हा उपयोगी पडेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. घुमाऱ्याभोवती पाण्याच्या लाटा, मधल्या बटणाभोवती मोहरीएवढे दाणे, गडगडाटाभोवती काटे. डोळे मिटून बोट फिरवलं की एकेक लाट मोजता येत होती. तिने आईलाही डोळे मिटून बोट फिरवायला लावलं आणि आईसुद्धा म्हणाली, वा, छान गं.

मास्तर आले, त्यांनी बोटं फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला. ही लाट, हे दाणे, हा काटा, एकदाही चुकले नाहीत. ताईने धाकट्याकडे असं बघितलं की तो काय ते समजला. मग मास्तरांनी चप्पल काढली, पेटी जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर पाय ठेवला. पाय इकडे नेला, तिकडे नेला. परत पहिल्या जागी आणला.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "पायाला हे सगळं सपाट लागतंय."

 जन्मभर अनवाणी वाजवलेला पाय तो, त्याचा तळवा म्हणजे चामड्याची चप्पलच. बोटाला कळतं ते त्याला कळणार कसं? आणि तिने तपासलं कशाने, तर हाताने. ज्या कामात पाय हवा तिथे हात घालून बसली होती ती, आणि आजूबाजूला पाय होते एक सोडून सहा.

मास्तर उगाच तिची समजूत घालत गेले. ते गेल्यावर तिने खरवडणी घेतली आणि त्या लाटा रागारागाने खरवडायला लागली. डाव्या बाजूचा रंग सगळा निघाला, खालचा पांढराशुभ्र धातू उघडा पडला, आणि मग तिलाच रडू यायला लागलं तशी तिने पेटी जमिनीवर ठेवून दिली.  धाकट्याने स्टिकरच्या गुंडाळीकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठून बघते तर ताई डोळ्यांना ओढणी बांधून अनवाणी घरभर फिरते आहे. आईला वाटलं, पोरगी गेली कामातून. पण ताईचं डोकं ठिकाणावर होतं, किंबहुना बऱ्याच दिवसांनी आलं होतं. पायाला काय कळतं ते पायालाच विचारायचं, असं तिने ठरवलं होतं. तिने जमिनीवर वस्तू मांडल्या होत्या, दोरी, पेन्सिल, पॉलिश पेपर, तांदळाचे चार दाणे, आणि त्यांच्यावरून चालत होती. पेन्सिल कळली. दोरी कळली, पण ती दोरी आहे की वायर ते कळलं नाही. पॉलिश पेपर नुसता खरखरीत लागला. आईचा चष्माही कळला, पण तो मांडलेल्या वस्तूंपैकी नव्हता, आणि त्यानंतर थोडा वेळ घरात वेगळ्याच विषयावर बोलणं झालं.

चष्म्याची काडी चिकटपट्टीने बांधून झाली आणि ताई पुन्हा डोळे बांधून चालायला लागली. कामाच्या खोलीत शिरली. कालची पेटी तिथेच जमिनीवर पडली होती हे ती विसरली होती. तिचा पाय पेटीवर पडला आणि ती जागच्या जागी थांबली.

गार लागलं होतं. अंगठ्याला चांगलं गार, आणि त्याच पायाच्या करंगळीला काही नाही. करंगळी होती रंगावर, अंगठा होता उघड्या धातूवर. तिने पाय सरकवला. गार. परत आणला. काही नाही. पुन्हा नेला. गार!

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आठवडाभर ती रंगावर रंग चढवत बसली होती आणि पायाला जे कळतं ते रंगाखाली झाकलेलं होतं. तिने डोळ्यांवरची ओढणी ओढून काढली आणि अशी हाक मारली की धाकटा तोंडातला दात घासायचा ब्रश तसाच घेऊन धावत आला. "मोजे काढ," ती म्हणाली. तो विचारायला लागला की काय झालं, तर म्हणाली आधी मोजे काढ. मग आईचेही काढायला लावले. तिघं आळीपाळीने त्या पेटीवर पाय ठेवून उभे राहिले, डोळे मिटून, आणि गार, साधं, गार, साधं, असं ओरडत राहिले. आईला शॉक लागायची भीती होती. धाकट्याने तिला सांगितलं की आत खेळण्यात असते तेवढीच बॅटरी आहे. एकदा खात्री पटल्यावर आई पेटीवरून उतरायला तयार होईना.

मग ताईला काही थांबवता आलं नाही. तिने सगळी पेटी खरवडून पुन्हा सुरुवात केली. घुमाऱ्याभोवतीची ऐसपैस जागा कोरी सोडायची, घासून घासून चकचकीत करायची. मधल्या बटणाभोवती साधा रंग. उजवीकडे गडगडाटाच्या अलीकडे पेन्सिलीएवढा जाड उंचवटा, कारण पेन्सिल पायाला कळली होती. गार, साधं, उंच. एवढंच. धाकट्याने एकदा चाचरत म्हटलं की कोरी जागा बघून लोकांना वाटेल मधेच रंग संपला, निदान वरून पारदर्शक व्हार्निशचा एक हात मारू. व्हार्निश म्हणजे पुन्हा गारव्यावर पांघरूण. ताईने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि त्याने व्हार्निशची बाटली परत ठेवली.

पण त्याचं म्हणणं तिच्या मनाला लागलं होतं. रंग संपल्यासारखं दिसून कसं चालेल? मास्तरांना दिसत नसलं म्हणून काय झालं. तिने बारीकातला बारीक ब्रश काढला आणि त्या कोऱ्या जागेच्या भोवताली चित्र काढलं. काढताना गुणगुणत होती, हे आईने बाहेरून ऐकलं आणि धाकट्याला खूण करून दाखवलं. चित्र झाल्यावर धाकटा बघत राहिला आणि मग हसत सुटला. ताईने त्याला दम दिला की मास्तरांना काही सांगायचं नाही. पहिल्या दिवशी रंगावरून जे बोलून गेली होती, त्यानंतर त्यांच्याशी रंगाचा विषय काढायची तिची हिंमत होत नव्हती. सरळ सांगायचं तर तिला लाज वाटत होती.

मास्तर पेटी न्यायला आले. ताईने गार, साधं, उंच एवढंच सांगितलं आणि त्यांनी पाय ठेवला. ताई श्वास रोखून उभी. मास्तरांच्या भुवया वर गेल्या. पाय उचलला, दुसऱ्या अंगाने आणला, मुद्दाम तिरका टाकला. दर वेळी अंगठा आपोआप वळून बरोबर त्या गार जागेवर जायचा. मग त्यांनी गिटार लावली आणि जे काही वाजवायला सुरुवात केली, बापरे! घुमारा, गडगडाट, मधला, परत घुमारा, एकेका सुराला आवाज बदलत होते आणि मोठमोठ्याने हसत होते. भिंतीवरचं घड्याळ थरथरलं. धाकटा टेबलावर ताल धरत होता, आई दारात उभी राहून कानांवर हात ठेवून मान डोलवत होती, आणि ताईला वाटलं, आत्ताच्या आत्ता कार्यक्रम झाला पाहिजे, इथेच.

कार्यक्रम झाला तो एका जुन्या सभागृहात. बुटकं स्टेज, त्याच्यावर खाली टांगलेले पिवळे मोठे दिवे. आई, ताई आणि धाकटा पहिल्या रांगेत कडेला बसले, स्टेजला हात लागेल इतक्या जवळ. आईने कापसाचे बोळे आणले होते, एक जोड स्वतःसाठी आणि एक शेजारच्या बाईंसाठी, लागले तर असावेत म्हणून. बँड जोरात होता. पहिल्या गाण्यात मास्तरांनी गडगडाट दाबला तो बरोबर जागी, दुसऱ्यात मधलं बटण, दोन्ही अचूक. घुमारा फक्त त्या एका गाण्यात होता. ताई प्रत्येक गाण्याला उड्या मारायच्या बेतात होती. तिची पेटी त्या उजेडात अशी झळकत होती की मागच्या रांगेतली पोरं माना उंच करून बघत होती.

गाण्यांमागून गाणी झाली. सभागृह तापलं. ताईने घाम पुसला आणि पुढे वाकून टाळ्या वाजवता वाजवता सहज हात पुढे टेकवला. स्टेजच्या कडेला लोखंडी पट्टी होती. तिने हात झटकन मागे घेतला.

पट्टी चटका बसेल अशी तापली होती.

ताईने वर दिव्यांकडे बघितलं. मग पेटीकडे बघितलं. ती पेटी पट्टीपेक्षा दिव्यांच्या जास्त जवळ होती आणि कार्यक्रम सुरू झाल्यापासून तिथेच होती.  गार आता कुठलं राहायला? घरातल्या थंड फरशीवर तपासली होती तिने पेटी, सकाळच्या वेळी, पंख्याखाली. पहिल्यांदा पायाऐवजी हाताने तपासली, आणि आता स्टेजऐवजी घरात. ती धाकट्याच्या कानाशी लागली. त्याने ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. स्टेजवर गाणारी बाई माईकजवळ आली होती आणि दिवे न बदलता, मधे न थांबता तेच हळुवार गाणं सुरू झालं होतं.

ताई उठली. काय करणार होती ते तिलाही माहीत नव्हतं, ओरडणार होती बहुतेक. आईने तिचा दंड धरला आणि खाली ओढलं.

"बस खाली," आई म्हणाली. "आता पाय त्यांचा आहे."

गाणारी बाई कुजबुजायला लागली. म्होरक्याने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि मास्तरांकडे बघितलं. मास्तरांचा पाय वर उचलला गेला, पेटीवर आला, टेकला आणि झटकन मागे गेला. ताईने डोळे मिटून घेतले. मग तिला ते सहन होईना म्हणून उघडले. पाय हवेत तसाच होता. गिटार गप्प. म्होरक्याची मान पुढे आली होती. ताईला वाटलं, ब्रश गेला चुलीत, त्यांची खुर्ची राहू दे, एवढं एक होऊ दे.

पाय खाली आला, तिथेच, जिथून मागे गेला होता, आणि बटण दाबलं गेलं.

घुमारा उठला. एक सूर सभागृहात गेला, भिंतीला लागला आणि परत आला, आणि गाणारीचा आवाज त्याच्यावर अलगद बसला. कुणी खोकलंसुद्धा नाही. ताई ढसाढसा रडत होती आणि आईने तिच्या हातात कापसाचा बोळा कोंबला, रुमाल सापडला नाही म्हणून.

गाणी संपली, टाळ्या संपल्या आणि तिघं स्टेजमागे गेले. मास्तर खुर्चीवर बसून उजव्या पायाचा अंगठा ओल्या रुमालाने चोळत होते. ताई समोर जाऊन उभी राहिली आणि काही तरी बोलायला लागली, दिवे, फरशी, पंखा, तिचं तिलाच कळेना. मास्तरांनी तिला थांबवलं.

"भाजलं, ताई. चांगलं भाजलं," ते म्हणाले. "क्षणभर वाटलं, चुकलो, तुम्ही तर गार म्हणाला होतात. मग विचार केला, बाकी कुठेच असं भाजलं नव्हतं. रंग होता तिथे पाय निवांत बसला होता. म्हणजे जिथे गार लागायचं तिथेच भाजणार. ताईंनी एकच जागा कोरी सोडली आहे."

ताईला हे सुचलं नव्हतं. चटका बसो नाही तर गारवा, ती जागा वेगळी होती ती होतीच. म्होरक्या घाम पुसत जवळून गेला आणि जाता जाता मास्तरांना म्हणाला की पुढच्या महिन्याच्या तालमी सोमवारपासून, उशीर करू नका. धाकट्याने ताईला कोपराने ढोसलं आणि विचारलं की आता त्या स्टिकरच्या गुंडाळीचं काय करायचं. आई म्हणाली, ती गुंडाळी कधीच संपली, मी स्वयंपाकघरातल्या बरण्यांना लावली, फार चांगली चिकटते. यावर सगळे हसले, फक्त धाकटा जरा उशिरा.

मास्तरांनी पाय खाली ठेवला. "आता एक सांगा," ते म्हणाले. "लोक येऊन येऊन पेटीचं कौतुक करतायत. काय काढलंय तरी काय तिच्यावर?"

ताईच्या तोंडचा शब्द एरवी कधी थांबला नव्हता. आता थांबला. ती त्यांच्या शेजारी खाली बसली आणि पहिल्यांदाच नीट विचार करून बोलली.

"बगळा आहे," ती म्हणाली. "एका पायावर उभा आहे. दुसरा पाय पाण्यात टाकतोय. पाणी म्हणजे ती कोरी जागा."

 मास्तर आधी हळूच आणि नंतर खोखो हसायला लागले, आपल्या भाजलेल्या पायाकडे बोट दाखवून. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं की बगळ्याचा रंग कुठला. पांढरा, ताई म्हणाली. आणि मग पांढऱ्यातही किती प्रकारचे पांढरे असतात, पंखाखाली कुठला आणि मानेवर कुठला, ते तिने त्यांना सावकाश सांगायला सुरुवात केली.